ठोका काढलेली चाल

अजिनाथ: दार उघडं ऱ्हाऊ द्या की ताई.

धनश्री: उघडं राहिलं तर बाहेरचा आवाज आत येतो, काका. मग मोजलेलं काही खरं धरता येत नाही.

अजिनाथ: सगळंच खरं कशाला धरायचं? आमच्या घोडेगावच्या बाजारात बैलाचं दात मोजत्यात, तिथं तरी कोन खरं वय सांगतंय?

सविता: गप बसा. गाडीत बसल्यापासनं तोंड बंद न्हाई. भ्यालं की ह्ये असंच बोलत सुटत्यात, ताई.

अजिनाथ: भ्यालंय कोन? गुदमरतंय. भिंतीला गाद्या मारल्यात. खोकलो तर खोकलाबी जाग्यावर मरतोय. असली खोली कुनी बांधली?

धनश्री: त्या गाद्या आवाज शोषून घेतात. घुमू देत नाहीत. दाराला काच आहे, बघा, सगळं दिसतं. आणि काकू इथेच काचेबाहेर बसणार आहेत, माझ्या शेजारी; बोलणं माइकवरून होईल.

अजिनाथ: आन मी ह्यात नापास झालो, तर गुरवारी डाव्या कानाचं ऑपरेशन करनार न्हाईत का?

धनश्री: यात पास-नापास नाही. दीड वर्षापूर्वी तुमच्या उजव्या कानात ऑपरेशन करून कॉक्लिअर यंत्र बसवलं, आता गुरुवारी डाव्यात बसवणार. असं यंत्र बसवलेल्या माणसाला गाणं कितपत कळतं, हा माझा अभ्यास आहे. एकदा ऑपरेशनच्या आधी मोजायचं, एकदा नंतर. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या सरांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं.

अजिनाथ: गानं कितपत कळतं. म्हंजी नापासच की. भजनी मंडळात माजी पेटी हाय, ताई. ह्ये तिकडं कळलं तर तो बिभीषण टाळकरी गावभर करंल.

धनश्री: तुमचं नाव मी कुठेच लिहीत नाही. चला, आधी सोपं. मी ठेका वाजवते, मग दुसरा वाजवते. सारखे होते की वेगळे, तेवढं सांगायचं.

अजिनाथ: सारकं. येगळं. येगळं, दुसऱ्यात येक ठोका जास्ती हाय. सारकं. ह्ये काय ताई, लेकराचा खेळ हाय.

धनश्री: सगळे बरोबर.

सविता: बगा. उगाच जीव टांगला.

धनश्री: आता सूर. पेटीचे दोन सूर वाजतील. दुसरा वर गेला तर ‘वर’ म्हणायचं, खाली आला तर ‘खाली’. कळलं नाही तरी काहीतरी सांगायचं. अंदाज चालेल.

अजिनाथ: सुरात अंदाज चालत न्हाई.

धनश्री: इथे चालतो. पूर्ण अंदाजानं सांगितलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात, नाणं उडवल्यासारखी. त्याच्या वर किती जाता, तेवढंच मी बघते.

अजिनाथ: लावा. वर. वर. खाली. वर. ह्यो लई वरचा हाय, चिरकतोय, ह्यातलं सांगता यायचं न्हाई. खालच्या सप्तकातलं लावा, मला तिथंच गोड लागतं. खाली. वर. खाली.

धनश्री: छान. खूपच छान. इतकं मी फार कमी जणांत पाहिलंय. आता चाली. मंगलाष्टक, पाळणा, आरती, गोंधळ, सगळ्या तुमच्या ओळखीच्या. फक्त ठोका काढून टाकलाय. प्रत्येक सूर सारख्याच लांबीचा.

अजिनाथ: ठोका काढल्यावर चालीत ऱ्हातंय काय? हाडं काढल्याला मानूस.

धनश्री: जे राहतं तेच मला मोजायचंय. ठोका असला की माणूस नुसत्या ठोक्यावरून ओळखतो.

अजिनाथ: हां. ह्ये मंगलाष्टक. आन ह्यो... पाळना. व्हय, पाळनाच. बग सविते, काय मशीन हाय. येक हाय तर ह्ये, दोन झाल्यावर बग. पेटी डबल ऐकू यील.

सविता: तुमाला पेटीचं पडलंय. मला तुमी रस्त्यानं नीट चालावं एवडंच पायजे.

धनश्री: आता हेच सगळं परत, पण फक्त उजव्या कानानं. डाव्यातलं श्रवणयंत्र काढते आणि तो कान बंद करते.

अजिनाथ: काडा, काडा. ह्यो डावा म्हंजी म्हातारा बैल. औताला न्हाई, गाडीला न्हाई, दावनीला हाय म्हनून वैरन टाकायची. येक शब्द कळत न्हाई त्यातनं. नुस्तं घूं घूं.

धनश्री: ऐकू येतंय ना मी बोलते ते?

अजिनाथ: साप येतंय.

धनश्री: तर मग आधी ठेका.

अजिनाथ: सारकं. सारकं. येगळं. फुडं चला.

धनश्री: आता सूर.

अजिनाथ: वर. वर... न्हाई, थांबा. ह्ये दोनी येकच हुते.

धनश्री: वेगळे होते, काका. अंदाज सांगा.

अजिनाथ: खाली मंग. वर. पुन्यांदा लावा ह्यो.

धनश्री: पुन्हा लावता येत नाही.

अजिनाथ: ताई, काय तरी झालंय. पेटी न्हाई वाजत ही. सविते, सकाळी तोंड धुताना मशीनीत पानी गेलं का? मी काडून ठेवली हुती न्हवं?

सविता: ठिवली हुती. डबीत. मीच ठिवली. काय झालं, ताई? मशीन बिगडली का?

धनश्री: घाबरू नका, मी बघते. बॅटरी भरलेली आहे. ही वायर बदलली. थांबा, मी स्वतः ऐकते... माझ्याकडून सूर स्वच्छ जातोय. काका, मी आता तोंडावर कागद धरून एक वाक्य बोलते, तुम्ही परत म्हणा. ‘राहुरीच्या धरणातून पाणी सोडलं.’

अजिनाथ: राहुरीच्या धरनातनं पानी सोडलं. मुळा धरन म्हना, तिकडची मानसं रागावत्याल.

धनश्री: म्हणजे यंत्र ठीक आहे. शब्द अगदी नीट येतायत.

अजिनाथ: मंग सूर कुटं गेलं?

धनश्री: चाल लावते. ऐका.

अजिनाथ: ह्ये... पत्र्यावर खडं टाकल्यावानी वाजतंय. ठन, ठन, ठन. सगळं खडं येकच.

धनश्री: अंदाज सांगा.

अजिनाथ: आरती?

धनश्री: पुढची.

अजिनाथ: मंगलाष्टक हुतं का ते? ताई, मघाचं मंगलाष्टक हुतं का?

धनश्री: चाचणी चालू असताना सांगता येत नाही, काका.

अजिनाथ: तुमच्या तोंडावर दिसतंय. आवं, चाळीस वर्सं झाली पेटीवर हात हाय माजा. मंगलाष्टक मला कळंना? आन ह्यो असा पत्रा वाजत आसंल, तर आजपातुर पेटी वाजिवली ती कोन ऐकत हुतं?

धनश्री: तेच शोधायचं राहिलंय. शेवटचा भाग. आता उलटं करू. डाव्यात श्रवणयंत्र परत घालते आणि उजवं यंत्र काढून ठेवते. माझं बोलणं तुम्हाला कळणार नाही. मी बोट वर केलं की आवाज येणार, तुम्ही उत्तर द्यायचं. चालेल?

अजिनाथ: चालंल न्हाई तर काय. सविते, तू हितंच ऱ्हा. उटून जाऊ नगंस.

(धनश्री त्याच्या उजव्या कानामागचं यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवते, काचेचं दार लावून घेते आणि बोट वर करते.)

सविता: आता ह्येंना काईच ऐकू येत न्हाई?

धनश्री: आपलं बोलणं नाही. माइक बंद आहे, ते दाराच्या आत जातच नाही. पेटीचे सूर डाव्या कानात जातील, तेवढेच.

अजिनाथ: वर.

सविता: बरुबर हाय का?

धनश्री: हो.

अजिनाथ: खाली.

सविता: ह्ये?

धनश्री: हेही.

अजिनाथ: वर. ह्यो जरासाच वर हाय. खाली. खाली.

सविता: आन ह्ये?

धनश्री: सगळे बरोबर, काकू.

सविता: मंग तुमी अशा का बगताय? बरुबर येतंय तर चांगलं हाय न्हवं?

धनश्री: डाव्या कानात खालचे सूर थोडे शिल्लक आहेत. शब्द त्यातून कळत नाहीत, म्हणून तपासणीत तो कान शून्य धरला गेला. तपासताना शब्दच मोजतात. सूर कुणी मोजलेच नाहीत. यंत्रातून काकांना शब्द मिळतात आणि ठेका मिळतो. चाल मिळते ती या कानातून. थोडा हातभार असेल असं मला वाटलं होतं. सगळंच तिथून येत असेल असं नव्हतं वाटलं.

सविता: आन गुरवारी ह्योच कान...

धनश्री: हो.

सविता: ऑपरेशनमधी त्ये शिल्लक ऱ्हाईल की.

धनश्री: काहींचं थोडं राहतं. बऱ्याच जणांचं जातं. राहीलच असं कुणी सांगू शकत नाही.

अजिनाथ: मंगलाष्टक. ताई, ह्ये मंगलाष्टक हाय. आलं बगा परत.

सविता: ताई, तुमी माज्या मुलीवानी हाय. ह्येंना ह्ये सांगू नगा.

धनश्री: काकू...

सविता: ऐकून तर घ्या. पौषातली गोष्ट. बाजाराच्या दिशी आमी दोघं रस्त्यानं चाललो हुतो. डाव्या अंगानं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरल्याल्या. त्यानं हॉर्न दिला. ह्येंना समदं उजव्याच कानातनं येतंय, तवा ह्येंना वाटलं उजवीकडनं आला. म्हनून ह्ये डावीकडं सरकलं. सरळ चाकाकडं. मी सदरा धरून वडला. सदरा फाटला. अर्धी बाही माज्या हातात ऱ्हायली.

धनश्री: हे त्यांनी मला सांगितलं नाही.

सविता: कसं सांगतील? गावात हसत सांगत्यात, बायकूनं भर बाजारात सदरा फाडला म्हनून. मी हसत न्हाई. तवापासनं ह्ये डेअरीला निघालं की मी वेशीपातुर मागं जाते, ह्येंना कळू न देता. दोनी कानात मशीन बसली की आवाज कुनीकडनं येतो ते कळंल, असं सरच म्हनलेत. त्या आशेवर मी ह्यो वैशाख काढला. आता तुमी सांगितलं तर ह्ये न्हाई म्हनतील. पेटीसाटी न्हाई म्हनतील, मला ठावं हाय.

अजिनाथ: पाळना.

धनश्री: सर बरोबर म्हणाले. दिशा बरीचशी कळेल. पण जे दिसलं ते मला लपवता येणार नाही. सरांना कळवावंच लागेल.

सविता: कळवा की. शुक्रवारी कळवा.

धनश्री: शुक्रवारी त्याचा काय उपयोग?

सविता: त्येच तर म्हनते मी.

अजिनाथ: काईच वाजंना झालंय, ताई. संपलं का? सविते, तोंडावर पदर धरून काय बोलतीस? ऐकू यायचं बंद झाल्यापासनं मी तुज्या व्हटाकडं बगूनच दिस काढल्यात. तू पदर वर घेतलास की माजंच काय तरी चाललंय, एवडं कळतं मला. ताई, दार उघडा. माजी मशीन घाला आदी.

धनश्री: घालते. आता येतंय ऐकू?

अजिनाथ: येतंय. सांगा.

सविता: काय सांगायचंय, सगळं बेस हाय म्हनत हुत्या त्या.

अजिनाथ: तुला न्हाई इचारलं. ताई, तुमी सांगा. डाव्यानं मंगलाष्टक वळखलं ह्ये मला ठावं हाय. उजव्यानं वळखलं न्हाई, ह्येबी. फुडचं सांगा.

धनश्री: पुढचं हेच, की चाल तुम्हाला डाव्या कानातून कळते. उजव्या यंत्रातून जवळजवळ नाही. आणि ऑपरेशननंतर डाव्यातलं हे उरलेलं ऐकणं जाण्याची शक्यता बरीच आहे.

अजिनाथ: म्हंजी दूध बैलच देत हुता म्हना.

सविता: थट्टा सुचतीय.

अजिनाथ: आन दोन मशीनी झाल्यावर डबल ऐकू यील म्हनत हुतो मी, त्येचं?

धनश्री: शब्द चांगले कळतील. गर्दीत, रस्त्यावर. आवाजाची बाजू कळेल. पण चाल आत्ता उजव्यातून ऐकलीत, साधारण तशीच दोन्हीकडून येईल. सरावानं थोडं सुधारतं. किती, ते माणसागणिक बदलतं.

अजिनाथ: दोनी कानात पत्रा.

धनश्री: ...हो.

अजिनाथ: आन नाय केलं तर?

धनश्री: डावा कान दरवर्षी थोडा उतरतोय. तुमचे जुने रिपोर्ट मी पाहिलेत. किती टिकेल, सांगता येत नाही. आणि रस्त्याचा धोका आहे तसाच राहील.

अजिनाथ: सांगितला व्हय हिनं तुमाला ट्रॅक्टर.

सविता: सांगितला. सांगनारच. मेल्यावर पेटी कुटं वाजिवनार हाय तुमी? चाकाखाली?

अजिनाथ: आवाज कमी कर. आता मला ऐकू येतंय.

सविता: मंग ऐका की.

अजिनाथ: मला काय त्येचं भ्या न्हाई. माजं काईच न्हाई.

सविता: मंग उटून कुटं निघालाय?

अजिनाथ: वारं घ्यायला.

सविता: बसा खाली. आन पत्रा पत्रा काय लावलंय? ह्येंना नेमी वाढवून सांगायची सवय हाय, ताई. एवडी भारी मशीन, त्यातनं पत्रा कसा वाजंल?

धनश्री: काकू, ऐकून बघायचंय? कॉम्प्युटरवर तसा आवाज तयार करता येतो. हुबेहूब नाही. आतून काकांना नेमकं कसं येतं, ते मलाही कधी कळणार नाही. पण अंदाज येईल.

सविता: माज्या कानाला काय हुनार न्हाई न्हवं?

धनश्री: काही नाही. हा हेडफोन. नको वाटलं की काढायचा.

सविता: लावा... ह्ये काय हाय?

धनश्री: ओळखा.

सविता: काय वळखायचं ह्यात? खरखर हाय नुस्ती. रेडू लागत नसला की येती तसली.

धनश्री: मंगलाष्टक आहे.

सविता: न्हाई.

धनश्री: तेच आहे. काकांना ऐकवलेलं.

सविता: पुन्यांदा लावा.

धनश्री: लावलं.

सविता: कुटं हाय मंगलाष्टक? मी शंभर लग्नात अक्षता टाकल्यात. मला कळंना व्हय? अजून येकदा लावा.

अजिनाथ: आता कळलं का, मी पुन्यांदा लावा का म्हनत हुतो?

सविता: तुमी बोलू नगा जरा. ताई, ह्येंच्या डाव्या कानात येतंय तसं लावता येतं का?

धनश्री: येतं. वरचे सूर सगळे काढून टाकायचे, खालचे तेवढे ठेवायचे. हं, ऐका.

सविता: ...ह्ये लांबनं येतंय. इहिरीतनं कुनी म्हनल्यावानी. पन हाय. मंगलाष्टक हाय ह्ये.

धनश्री: हो.

सविता: काडा आता ह्ये कानावरनं.

अजिनाथ: ऐकलंस?

सविता: दीड वरीस तुमी ह्ये ऐकताय आन मला म्हनताय, मशीन झ्याक हाय.

अजिनाथ: मला तरी कुटं ठावं हुतं? दोनी मिळून येत हुतं. कोनचं काय देतंय ते आज निवडून दावलं ह्या पोरीनं. न्हवतं दावलं तर बरं झालं आसतं.

धनश्री: मलाही मघापासून तसंच वाटतंय, काका.

अजिनाथ: तुमी माज्या जागी आसत्या तर काय केलं आसतं?

धनश्री: खरं सांगू? मला माहीत नाही. मी मोजू शकते. यातलं कुठलं जास्त मोलाचं, ते मोजायची माझ्याकडे सोय नाही.

अजिनाथ: सविते, तू सांग.

सविता: मला इचारू नगा. करा म्हनलं तर तुमची पेटी माज्या हातनं गेली. नगा करू म्हनलं, आन उद्या रस्त्यात काय झालं, तर त्येबी माज्याच हातनं. कशाला इचारताय मला?

धनश्री: आज अखेरचं काही ठरवू नका. मी सरांना फोन करते. गुरुवार पुढे ढकलायचा का, एवढंच सांगा. आजचे आकडे त्यांना दाखवू. कान वाचवून करता येईल का, ते विचारू. मधल्या काळात रस्त्यासाठी दुसरं काही करता येतं का, तेही बघू.

अजिनाथ: सर काय म्हनतील?

धनश्री: काही म्हणणार नाहीत.

अजिनाथ: म्हनतील. म्हनले न्हाईत तरी मनात येईल. तारीक दिली, खाट दिली, आन गडी आयत्या टायमाला भ्याला. त्येंच्या फुडं मी काय तोंड घिऊन बसू? नगं ताई. ऱ्हाऊ द्या. गुरवारीच करून टाका.

धनश्री: काका, या कारणासाठी ‘हो’ म्हणू नका.

अजिनाथ: कारन काय का आसंना. म्हनलं न्हवं, करा. मी भ्यालो न्हाई.

धनश्री: काकू?

सविता: लावा ताई फोन. म्हनावं, बायकू लई भ्याली हाय, चार दिस थांबा. ह्येंचं नाव नगा घिऊ.